साठीनंतरची परभाषा

निवृत्तीनंतरचा वेळ कसा घालवावा, हा प्रश्न गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील घरांना नवा नाही. वाचनालय, सकाळ-संध्याकाळचा फेरफटका, भजनी मंडळ आणि कट्ट्यावरच्या गप्पा ही त्याची जुनी उत्तरे. त्यांत परभाषेच्या अभ्यासाची भर घालण्यास आता एक घरगुती कारणही आहे. मुले परदेशी स्थायिक झाली की नातवंडे तेथील भाषेत वाढतात. आजीचे मराठी नातवाला अर्धेमुर्धे कळते, नातवाचे जर्मन आजीला मुळीच कळत नाही आणि दूरध्वनीवरचा संवाद ‘कसा आहेस’, ‘जेवलास का’ यापुढे सरकत नाही. हे अंतर कमी करण्यासाठी साठीच्या उंबरठ्यावर नवी भाषा शिकता येईल काय, याचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यासाठी अभ्यासाची पद्धत वयाला साजेशी असावी लागते.

मंडालेतील विद्यार्थी

या अभ्यासाचे ठळक उदाहरण लोकमान्य टिळकांचे आहे. २२ जुलै १९०८ रोजी मुंबई उच्च न्यायालयात त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिच्या निषेधार्थ गिरणगावातील कामगारांनी सहा दिवस संप पाळला. शिक्षेच्या दुसऱ्याच दिवशी टिळकांना ५२ वर्षे पूर्ण झाली. मधुमेहाने त्रस्त असताना मंडालेच्या तुरुंगात त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला. शिक्षक नव्हता, हाताशी होती ती केवळ पुस्तके. वेद आणि तत्त्वज्ञान यांविषयीचे युरोपीय पंडितांचे लेखन मुळातून वाचावे, हा हेतू होता. अस्खलित संभाषणाची त्यांना गरज नव्हती. याच तुरुंगात १९१०-११ च्या सुमारास ‘गीतारहस्य’ लिहून झाले आणि १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

परळच्या बी. आय. टी. चाळीत अनेक वर्षे राहिलेल्या आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृहा’त वास्तव्य केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तरायुष्यात पालीचा कसून अभ्यास केला. त्यांनी सिद्ध केलेले पाली व्याकरण व शब्दकोश हे साहित्य महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. गावदेवीत जन्मलेल्या पु. ल. देशपांडे यांनी १९७० मध्ये, वयाची पन्नाशी गाठल्यावर, बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतन गाठले. पाली व बंगाली या परदेशी भाषा म्हणून शिकल्या गेल्या नाहीत, हे खरे. परंतु उतारवयातील भाषाभ्यासाला ठरावीक उद्दिष्ट लागते, हे या तिन्ही उदाहरणांतून दिसते. कोणाला ग्रंथ वाचायचा असतो, कोणाला नातवाशी बोलायचे असते. उद्दिष्ट ठरले की काय शिकावे आणि काय सोडावे हेही ठरते.

वय आणि स्मरण

लहान मुले भाषा चटकन शिकतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. उच्चारांत मुले सरस ठरतात. परंतु नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा जो अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पहिल्या काही महिन्यांत किशोरवयीन आणि प्रौढांची प्रगती लहान मुलांहून वेगवान आढळली. प्रौढाला नियम समजतो आणि तो जाणीवपूर्वक वापरता येतो. वयोमानाने मंदावते ते शब्दांचे पाठांतर.

भाषाभ्यासाने स्मृतिभ्रंश टळतो, असे सर्रास सांगितले जाते. येथे सावधगिरी हवी. हैदराबाद येथे ६४८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली. तथापि तेथे प्रश्न दैनंदिन जीवनातील बहुभाषिकतेचा होता; साठीनंतर शिकवणीला जाण्याचा नव्हता. उशिरा शिकणाऱ्यांविषयी स्कॉटलंडमधील एक छोटा प्रयोग अधिक जवळचा आहे. १८ ते ७८ वर्षे वयाच्या व्यक्तींनी आठवडाभर गेलिक भाषा शिकल्यावर त्यांची अवधानशक्ती सुधारली. आठवड्याला पाच तास वा अधिक सराव चालू ठेवणाऱ्यांमध्ये हा लाभ नऊ महिन्यांनंतरही टिकून होता. याला औषध म्हणता येणार नाही. नियमित सरावाचे महत्त्व मात्र त्यातून दिसते.

मराठीची पूर्वतयारी

मराठी भाषकाची पाटी कोरी नसते. जर्मनमध्ये नपुंसकलिंग आहे; हिंदी वा फ्रेंच भाषकाला ते नवे वाटते, मराठी माणसाला ‘ते झाड’, ‘ते पुस्तक’ यांची सवय असते. जर्मन ‘झेड’चा उच्चार ‘चाक’, ‘चोर’ यांतील ‘च’ने साधतो, जपानी ‘त्सुनामी’चा आरंभही तसाच. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि विभक्तीदर्शक शब्द नामानंतर लागतो. ‘तोक्यो नि इकिमासु’ म्हणजे ‘टोकियोला जातो’. शब्दांचा क्रम तोच. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज व रशियन यांतील दंत्य ‘त’ आणि ‘द’ इंग्रजीपेक्षा मराठीला जवळचे आहेत. पोर्तुगीजांकडून आलेले पाव, बटाटा, चावी, पगार, अननस आणि फारसीतून आलेले कागद, जमीन, दप्तर हे शब्द तर स्वयंपाकघरात आणि कचेरीत रोजचेच आहेत.

रोजचा अर्धा तास

जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले की, पाठ केलेली गोष्ट प्रथम झपाट्याने आणि नंतर सावकाश विसरली जाते. म्हणून रविवारी सलग तीन तास बसण्याऐवजी रोज अर्धा तास द्यावा. पहिली दहा मिनिटे जुन्या शब्दांची, पुढची दहा नव्या धड्याची आणि शेवटची दहा मोठ्याने वाचनाची, अशी विभागणी सोयीची पडते. शब्दांसाठी चिठ्ठ्यांची पेटी करावी. आठवलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात टाकावी आणि ती अधिक दिवसांनी पाहावी. विसरलेली पहिल्या कप्प्यात परत आणावी. लाइटनर यांनी १९७० च्या दशकात प्रसारित केलेली ही युक्ती आजच्या मोबाइलवरील अनेक शब्दपाठांच्या मुळाशी आहे.

वयपरत्वे उच्च स्वराचे ध्वनी ऐकण्याची क्षमता कमी होते आणि ‘स’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात. ‘लक्षात राहत नाही’ ही तक्रार कित्येकदा ‘नीट ऐकूच आले नाही’ अशी असते. म्हणून ध्वनिफीत संथ गतीने आणि समोर मजकूर ठेवून ऐकावी. गरज भासल्यास कान तपासून घ्यावेत.

जर्मनसाठी काळा घोडा येथील मॅक्समुल्लर भवन आणि फ्रेंचसाठी न्यू मरीन लाइन्सकडील आलियाँस फ्रान्सेझ या जुन्या संस्था दक्षिण मुंबईत आहेत. युरोपीय भाषांचे वर्ग बहुधा अ-१ ते क-२ अशा सहा पायऱ्यांत चालतात. जपानीची प्रमाणपरीक्षा पाच पायऱ्यांची आहे. नातवंडांशी साध्या गप्पा मारण्यासाठी पहिल्या दोन पायऱ्या पुष्कळ होतात. परीक्षा दिलीच पाहिजे असेही नाही. घरच्या दूरध्वनीवर नातवाने आजीची चूक सुधारली आणि त्या निमित्ताने दोन वाक्ये जास्त बोलला, तरी अभ्यास कारणी लागला असे समजावे.