पासोडी आणि माझी फाईल

संगणकाच्या काळ्या पडद्यावर कमांड देऊन काम करणाऱ्या बहुतेकांकडे एक चोपडी असते. माझी म्हणजे एक साधी टेक्स्ट फाईल. टार कसं सोडवायचं, ग्रेपने कसं शोधायचं, असलं सगळं तिच्यात. परवा ती चाळताना एकदम अंबाजोगाईची पासोडी आठवली.

बीड जिल्ह्यातलं अंबाजोगाई हे मुकुंदराजांचं आणि दासोपंतांचं गाव. दासोपंत (१५५१–१६१५) अफाट लिहायचे. त्यांचा गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. रोज ढब्बू पैशाची शाई लागायची म्हणे! असा माणूस एकदा कागद सोडून कापडावर लिहायला बसला. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद जाडंभरडं कापड, त्यावर सोळाशेच्या आसपास ओव्या आणि जोडीला आकृत्या.

विषय पंचीकरण. महाभूतं पाच. प्रत्येकात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या चौघांचा एकेक अष्टमांश. पाच पंचे पंचवीस घरं झाली, आणि तेवढ्यावर हे थांबत नाही. हे तोंडी कोण सांभाळणार? कापड अंथरलं की सगळं डोळ्यासमोर, पान उलटायला नको. कापड निवडलं ते यासाठीच असावं, असा आपला माझा तर्क.

युनिक्सवाल्यांनाही हे लवकर कळलं होतं. ३ नोव्हेंबर १९७१ च्या त्यांच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये कमांडच्या माहितीखाली तिच्या खोडी लिहायलाही जागा ठेवली होती. स्वतःच्या खोडी स्वतःच छापायच्या, हे मला फार आवडतं.

माझ्या फाईलीत मात्र नुसत्या कमांड. अर्थ कशाला लिहायचा, आपल्याला माहीतच आहे की! दोन वर्षांनी नवी डिस्क आणली, फोटो तिच्यावर न्यायला आरसिंकची ओळ फाईलीतून उचलली. तिच्यात डिलीट होतं. आधी काय लिहायचं आणि नंतर काय, ते कुठेच नव्हतं. मी रिकामी डिस्क आधी लिहिली आणि फोटोंचा फोल्डर नंतर. आरसिंकने सांगितलेलं काम चोख केलं. फोल्डरही डिस्कसारखाच रिकामा केला.

बाबांच्या निवृत्तीच्या समारंभाचे सगळे फोटो त्यात होते. परळीच्या आत्याकडे कागदावर छापलेले दोन निघाले. एकात बाबांचे डोळे मिटलेले आहेत.

त्या ओळीच्या डोक्यावर आता लिहून ठेवलंय: आधी जिथून, मग जिथे. डिलीट म्हणजे खरंच डिलीट.