कमी बर्फातही हिमस्खलन का होते?

हिमस्खलन म्हणजे डोंगरउतारावरचा बर्फ अचानक सुटून वेगाने खाली कोसळणे. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ कमी असतो, म्हणून धोकाही कमी, असा अनेक ट्रेकर्सचा समज असतो. तो चुकीचा आहे. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा-2 शिखरावर नेहरू पर्वतारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. त्यात 27 जणांचे मृतदेह हाती लागले.

थर कमकुवत कसा होतो?

बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशाच्या आसपास असते, वरची हवा मात्र कितीतरी थंड. थर पातळ असला की थोड्याच अंतरात तापमानात मोठा फरक पडतो. तळाच्या बर्फाची वाफ वर सरकते आणि बर्फाचे साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. त्यांच्यावर ताजा किंवा वाऱ्याने आणलेला बर्फ साचला, तर एका माणसाच्या वजनानेही वरचा थर घसरू शकतो. सावलीच्या उतारांवर असा थर अनेक आठवडे टिकतो. त्यामुळे आकाश निरभ्र झाले, एवढ्यावरून निघू नये.

काय काळजी घ्यावी?

बहुतेक हिमस्खलने 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात. पायाखाली ‘धप्प’ आवाज आला, बर्फात भेग पळत गेली किंवा जवळपास नुकतेच हिमस्खलन झालेले दिसले, तर मागे फिरावे. गाडल्या गेलेल्या व्यक्तीला वाचवायला जेमतेम 10 ते 15 मिनिटे मिळतात. तेवढ्यात बाहेरची मदत पोहोचत नाही. म्हणून ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाजवळ हवे.