कोकण किनाऱ्यावरील वालुकागिरी

कोकण किनाऱ्यावरील वालुकागिरी म्हणजे महाराष्ट्र व गोवा या राज्यांत अरबी समुद्रालगतच्या पुळणींमागे वाऱ्याने साचवलेल्या वाळूच्या टेकड्या होत. भरतीची रेषा आणि गावांतील नारळी-पोफळीच्या वाड्या यांच्या दरम्यान त्यांचा पट्टा असतो. येथील वनस्पती व प्राणी यांचे जीवनचक्र नैर्ऋत्य मोसमी पावसाशी आणि वाळूच्या ये-जा करण्याशी जोडलेले आहे. त्यामुळे एकाच टेकडीवर ऋतूनुसार वेगवेगळी जीवसृष्टी दिसते.

निर्मिती व रचना

कोकणचा किनारा बऱ्याच भागांत खडकाळ असून पुळणी मुख्यतः दोन भूशिरांमधील अर्धवर्तुळाकार भागांत व खाड्यांच्या मुखाशी आढळतात. दक्षिण गोव्यात सालसेत तालुक्यातील कोलवा, बाणावली या भागात मात्र लांब व सलग पुळण आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात केळशी येथे भारजा नदीच्या मुखाजवळ असलेली वाळूची उंच टेकडी प्रसिद्ध आहे.

पावसाळ्यातील उंच लाटा पुळणीवरील वाळू ओढून नेतात आणि ती किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली दांड्याच्या रूपात साचते. पावसाळा संपल्यावर शांत लाटा हीच वाळू परत आणतात. कोरड्या दिवसांत दुपारी वाहणाऱ्या समुद्री वाऱ्याने ती वाळते, उडते आणि वनस्पतींच्या आडोशाने साचून टेकडी वाढते. टेकडी म्हणजे पुळणीचा राखीव साठाच असतो. मोठ्या वादळात लाटा आधी ही वाळू वापरतात आणि मागच्या वस्तीला त्यांची थेट झळ कमी बसते. पावसाचे पाणी टेकडीत मुरून गोड्या पाण्याचा थर तयार होतो. विहिरींत खारे पाणी शिरण्यास त्यामुळे अटकाव होतो.

वनस्पती

समुद्राकडील उतारावर मर्यादवेल (शास्त्रीय नाव: आयपोमिया पेस-कॅप्री) ही सरपटणारी वेल प्रमुख असते. तिची पाने टोकाशी दुभंगलेली व शेळीच्या खुरासारखी दिसतात. शास्त्रीय नावातील ‘पेस-कॅप्री’ या शब्दांचा अर्थही शेळीचा पाय असाच आहे. पेरांपासून फुटणारी मुळे वाळू धरून ठेवतात, तर बिया समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरच्या किनाऱ्यांवर पोहोचतात. समुद्राने जेथे थांबावे तेथे ही वेल उगवते, असा तिच्या मराठी नावाचा भाव आहे.

तिच्यासोबत स्पायनिफेक्स हे टोकदार पानांचे गवत, लव्हाळ्याच्या जातकुळीतील सायपेरस अरेनेरियस आणि अबईच्या प्रजातीतील गुलाबी फुलांची कॅनाव्हॅलिया रोझिया ही वेल आढळते. टेकडीच्या मधल्या भागात निर्गुडी, वनजाई, रुई व केवडा यांची झुडपे, तर मागील स्थिर भागात उंडीसारखे वृक्ष वाढतात. सुरू हा वृक्ष मूळचा येथील नसून वाळू रोखण्यासाठी व वारा अडवण्यासाठी त्याची लागवड करण्यात आली आहे.

ऋतूंनुसार जीवसृष्टी

पावसाळा (जून ते सप्टेंबर): या काळात पुळण अरुंद होते, परंतु टेकड्या हिरव्या होतात. मर्यादवेलीचे नवे धुमारे फुटतात व केवडा फुलतो. रुईच्या पानांवर प्लेन टायगर या फुलपाखराच्या अळ्या दिसतात.

हिवाळा (ऑक्टोबर ते फेब्रुवारी): पावसाळ्यानंतर मर्यादवेलीला जांभळट गुलाबी फुलांचा बहर येतो. लाउनिया या पाथरीच्या प्रजातीतील वनस्पतींची पिवळी फुलेही उघड्या वाळूत दिसतात. याच सुमारास चिखल्या, तुतवार, कुरव व सुरय हे स्थलांतरित पक्षी किनाऱ्यावर उतरतात. त्यांपैकी तपकिरी डोक्याचा कुरव लडाख व तिबेटमधील उंचावरील सरोवरांकाठी वीण करतो. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड किनाऱ्याजवळील उंच झाडांवर घरटे बांधतो. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या प्रामुख्याने नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री पुळणीवर येऊन भरतीरेषेच्या वर सुमारे दीड फूट खोल खड्ड्यात साधारण शंभर अंडी घालतात.

उन्हाळा (मार्च ते मे): सुमारे ४५ ते ६० दिवसांनी अंड्यांतून पिल्ले बाहेर पडतात. पिल्ले नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते; वाळू अधिक उष्ण असल्यास माद्या जास्त होतात. वेडा राघू वालुकामय उतारात बोगदा खणून घरटे करतो. स्पायनिफेक्सचे काटेरी, गोलाकार फलगुच्छ तुटून वाऱ्याबरोबर पुळणीवर गडगडत जातात व बिया पसरवतात.

सागरी कासवांशी संबंध

ओडिशाच्या किनाऱ्यावर हजारो कासवे एकाच वेळी अंडी घालतात. कोकणात मात्र माद्या एकट्यादुकट्या येतात. महाराष्ट्रात वेळास, आंजर्ले, गुहागर व वायंगणी, तर गोव्यात मोरजी, आगोंद व गालजीबाग ही विणीची परिचित ठिकाणे आहेत. वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये ग्रामस्थांच्या सहभागाने घरट्यांचे संरक्षण सुरू केले. ओडिशात २०२१ मध्ये खूण लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागर येथे अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचा परस्परसंबंध त्यातून दिसून आला.

वाळूतून बाहेर आलेली पिल्ले अधिक उजळ क्षितिजाकडे सरकतात. नैसर्गिक स्थितीत मागची टेकडी काळोखी असते आणि समुद्र उजळ दिसतो. टेकडी सपाट करून तेथे दिवे लावल्यास पिल्ले उलट दिशेने, वस्तीकडे जातात.

धोके व संरक्षण

वाळूउपसा, बांधकामासाठी सपाटीकरण, पुळणीवर वाहने चालवणे, कृत्रिम प्रकाश आणि भटकी कुत्री हे प्रमुख धोके आहेत. वेलींवरून वारंवार ये-जा झाल्यास आवरण तुटते व मोकळी वाळू वाऱ्याने उडू लागते. भरतीरेषेच्या अगदी जवळ लावलेल्या सुरूच्या दाट सावलीत आणि गळालेल्या काड्यांच्या थरात मूळच्या वेली तग धरत नाहीत. अशा जागी कासवांना घरटी करण्यासही अडथळा होतो.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ऑलिव्ह रिडले कासवाचा समावेश आहे. किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली. २०१९ च्या अधिसूचनेत वालुकागिरी व कासवांच्या विणीच्या जागा या दोहोंचा समावेश पर्यावरणदृष्ट्या सर्वांत संवेदनशील अशा ‘एक-अ’ वर्गात करण्यात आला आहे.