एकच यजमान : गिनीचा जाझ आणि सेकू तुरे

कलावंताला राजाश्रय मिळाला की त्याच्या कलेचे काय होते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. मात्र एखाद्या संपूर्ण देशाने आपल्या सर्व वादकांना पगारी सेवक करून घेतले, असे उदाहरण विरळा. पश्चिम आफ्रिकेतील गिनी हे ते उदाहरण होय.

२८ सप्टेंबर १९५८ रोजी फ्रान्सने आपल्या आफ्रिकी वसाहतींमध्ये सार्वमत घेतले. द गॉल यांच्या नव्या 'समुदाया'त राहायचे की नाही, असा प्रश्न होता. 'नाही' म्हणणारी वसाहत एकच निघाली : गिनी. २ ऑक्टोबरला गिनी स्वतंत्र झाली आणि कामगार चळवळीतून पुढे आलेले सेकू तुरे तिचे अध्यक्ष झाले. फ्रेंच अधिकारी व तंत्रज्ञ झपाट्याने मायदेशी परतले. तिजोरी रिकामी, यंत्रणा खिळखिळी, अशा अवस्थेत या राष्ट्राने ज्या गोष्टींवर पैसा खर्च केला त्यांत सॅक्सोफोन, ट्रंपेट आणि विजेवर चालणाऱ्या गिटारी होत्या, हे लक्षणीय आहे.

तुरे यांची भूमिका अशी की मनावरची वसाहत उठल्याखेरीज भूमीवरची उठत नाही. फ्रेंच नाचगाण्यांच्या साच्यात वाजवणारे खाजगी वाद्यवृंद त्यांनी बरखास्त केले आणि १९५९ मध्ये सरकारी राष्ट्रीय वाद्यवृंद उभा केला. त्यातील वादक पुढे प्रांतोप्रांती तरुणांना शिकवू लागले. प्रत्येक प्रशासकीय विभागाला स्वतःचा वाद्यवृंद, नृत्यपथक आणि नाट्यसंघ मिळाला. त्यांच्या स्पर्धा होऊ लागल्या. सशस्त्र पोलीस दलातील स्त्रियांचाही एक वाद्यवृंद होता, तो 'अमेझॉन' या नावाने गाजला. या सर्वांची ध्वनिमुद्रणे 'सिलिफोन' ही सरकारी कंपनी काढू लागली. 'सिली' म्हणजे हत्ती. हत्ती हे सत्ताधारी पक्षाचे चिन्ह. तबकडीच्या नावातच पक्ष होता.

या वाद्यवृंदांपैकी सर्वांत नामवंत म्हणजे 'बेम्बेया जाझ'. १९६१ मध्ये बेला या आग्नेयेकडील गावी तो निघाला आणि १९६६ मध्ये त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला. नावात जाझ असला तरी न्यू ऑर्लिन्सचा जाझ येथे शोधू नये. फ्रेंच भाषक आफ्रिकेत ट्रंपेट-सॅक्सोफोन असलेल्या नाचाच्या वाद्यवृंदाला सरसकट 'जाझ' म्हटले जाई. काँगोतील 'आफ्रिकन जाझ' आणि 'ओके जाझ' ही नावेही त्याच वळणाची. बेम्बेयाच्या संगीतात क्यूबाच्या रुम्ब्याची लय आहे आणि तिच्यावर मांदे प्रदेशातील जुन्या चाली आहेत. गिटारवादक सेकू दियाबाते हा 'जेली' घराण्यातला. बालाफोन या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाजत आलेले आवर्तन तो तारांवर उतरवतो. 'अस्सल आफ्रिकी' होण्याचा सरकारी आदेश आणि हवानाहून आलेली लय यांत विसंगती आहेच. पण त्या विसंगतीतूनच हे संगीत जन्माला आले. नादाच्या बाबतीत गिनीचे कलावंत खरोखर मोकळे होते.

शब्दांचे तसे नव्हते. येथे 'जेली' या संस्थेचा विचार करावा लागतो. फ्रेंच ज्यांना 'ग्रिओ' म्हणत ते हे वंशपरंपरागत गायक. यजमान घराण्याची वंशावळ आणि पराक्रम गाणे हे त्यांचे काम. ही केवळ खुशामत नव्हे. पूर्वजांची थोरवी सांगताना यजमानाला त्याच्या कर्तव्याची जाणीव करून देण्याचा अधिकार जेलीला असे, आणि यजमान कृपण वा नीच निघाला तर दुसऱ्या दारी जाण्याची वाटही त्याला मोकळी असे. स्तुतीला किंमत होती ती या वाटेमुळे. एकपक्षीय राज्यात गिटार, पगार, रेडिओ, तबकडी सारेच सरकारचे झाले, तेव्हा दुसरा यजमानच उरला नाही. परंपरा जपली गेली. तिला अर्थ देणारी अट मात्र नाहीशी झाली.

बेम्बेयाची 'रेगार स्यूर ल पासे' ही रचना याचा उत्तम पुरावा. सबंध तबकडी व्यापणारी ही कथा सामोरी तुरे या योद्ध्याची आहे. त्याने फ्रेंचांशी सुमारे सोळा वर्षे झुंज दिली. १८९८ मध्ये तो पकडला गेला आणि १९०० मध्ये गॅबॉनमधील हद्दपारीत मरण पावला. सेकू तुरे स्वतःला त्याचे वंशज म्हणवीत. १९६९ मध्ये अल्जिअर्सच्या अखिल आफ्रिकी सांस्कृतिक महोत्सवात या रचनेला रौप्यपदक मिळाले, आणि ते रास्तच होते. पण युद्धकैद्यांना गुलाम म्हणून विकून घोडे आणि बंदुका मिळवणारा सामोरी इतिहासात आहे. या गौरवकथेत त्याला स्थान असणे शक्य नव्हते. पूर्वजाला निर्दोष केले की वंशजही निर्दोष ठरतो.

तरीही हा आश्रय निव्वळ ढोंग होता असे म्हणता येत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने १९६० मध्ये मिरियम माकेबा यांना मायदेशाची दारे बंद केली. १९६८ मध्ये त्यांनी स्टोकली कार्मायकल यांच्याशी विवाह केला, तेव्हा अमेरिकेतील त्यांचे कार्यक्रमही रद्द होऊ लागले. त्या वेळी त्यांना घर दिले ते गिनीने. सिलिफोनवर त्या गायल्या, संयुक्त राष्ट्रांत गिनीच्या प्रतिनिधी म्हणून बोलल्या. दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतले त्या ब्लॅक पँथरांशी संबंधित असलेले कार्मायकलही कोनाक्रीत स्थिरावले आणि एन्क्रुमा व तुरे या दोघांची नावे घेऊन क्वामे तुरे झाले. निर्वासितांना हे शहर मुक्तीचे वाटले, ते खोटे नव्हते.

त्याच शहरात बोइरोची छावणी होती. साहित्याच्या विद्यार्थ्याला तिची ओळख फानॉंच्या मार्गाने होऊ शकते. १९६१ च्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथात राष्ट्रीय संस्कृतीवरचे प्रकरण आहे. त्याच्या शिरोभागी उद्धरण आहे ते सेकू तुरे यांचे. क्रांतिगीत लिहून भागत नाही, लोकांसोबत क्रांती घडवावी लागते, असा त्याचा आशय. आणि आदर्श म्हणून विस्ताराने दिलेली कविता आहे केइता फोदेबा यांची. फोदेबा हे कवी, 'ले बाले आफ्रिकें' या जगप्रसिद्ध नृत्यसंस्थेचे संस्थापक. तुरे यांच्या शब्दाला जागून ते लोकांसोबत क्रांती घडवायला गेले. गृहमंत्री झाले, संरक्षणमंत्री झाले. बोइरोची तुरुंगव्यवस्था त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. १९६९ मध्ये कटाच्या आरोपाखाली त्यांना तेथेच डांबण्यात आले आणि ठार करण्यात आले. अल्जिअर्सचा महोत्सव त्याच वर्षीचा. आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले महासचिव दियालो तेली १९७७ मध्ये याच छावणीत अन्नपाण्यावाचून मरण पावले. फानॉं १९६१ च्या डिसेंबरातच वारले. आपल्या प्रकरणातील एका नावाने दुसऱ्याचा घास घेतला, हे त्यांना पाहावे लागले नाही.

मार्च १९८४ मध्ये तुरे वारले, पाठोपाठ लष्कराने सत्ता घेतली आणि सिलिफोनचा व्यवहार संपला. पुढे २००८ ते २०१३ या काळात कोनाक्रीच्या रेडिओ संग्रहातील नऊ हजारांहून अधिक गाणी संगणकीय स्वरूपात जतन झाली. ती ऐकताना दोन सोप्या वाटा समोर येतात : प्रचार म्हणून सारे बाजूला सारणे, किंवा राजकारण विसरून केवळ लयीत रमणे. पहिल्या वाटेने दियाबातेची गिटार हरवते, दुसऱ्या वाटेने फोदेबा. आश्रय वाईट होता असे मला म्हणायचे नाही. त्याच्याविना हे संगीत झालेच नसते. गिनीत उणीव होती ती दुसऱ्या दाराची. स्तुतीचे कोणतेही काव्य वाचताना कवीने काय म्हटले एवढेच न पाहता, न म्हणण्याची मुभा त्याला होती काय, हे विचारायला हवे.