बिल्ल्यांचा हिशेब

माझे वडील तळोजा एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात होते. रिॲक्टर धुवायला आत उतरणारा प्रत्येक जण मॅनहोलजवळच्या फळीवर आपला बिल्ला अडकवायचा आणि वर आला की काढून घ्यायचा. फळी रिकामी झाल्याशिवाय झाकण लागत नसे. बिल्ला काढायला कुणी विसरला तर काम खोळंबायचं. पण चुकून दुसऱ्याचा बिल्ला काढला गेला, तर माणूस आत असताना झाकण बसलं असतं.

मी तळोज्यातल्याच घरी बसून लिनक्स कर्नलचे ड्रायव्हर दुरुस्त करतो, आणि मोजतो ते बिल्लेच. मेमरीतली एखादी वस्तू किती जण वापरताहेत, तो आकडा तिच्यासोबत ठेवायचा. वस्तू घेतली की एक वाढवायचा, सोडली की एक कमी करायचा आणि शून्यावर आला की जागा मोकळी करायची. ही रीत जॉर्ज कॉलिन्स यांनी 1960 साली मांडली. लिनक्समध्ये बराच काळ ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने ही मोजणी लिहिली. 2004 मध्ये 'केरेफ' हा सगळ्यांसाठी एकच साचा आला.

तरीही विसरणं थांबलं नाही. कर्नलच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागात 2013 च्या 3.8 आवृत्तीपासून एका ठिकाणी वाढवलेला आकडा कमी करायचा राहिला होता. 2016 च्या जानेवारीत ते उघड झालं. तीच क्रिया सव्वाचारशे कोटींहून जास्त वेळा केली, की 32 बिटांचा आकडा उलटून शून्यावर यायचा. वापरात असलेली जागा मोकळी व्हायची आणि साध्या वापरकर्त्याला साऱ्या यंत्राचा ताबा मिळवता यायचा. 2017 च्या 4.11 आवृत्तीत 'रेफकाउंट-टी' आला. त्यातला आकडा उलटत नाही, टोकाला जाऊन तिथेच थांबतो. मेमरी अडकून पडते, पण झाकण चुकून लागत नाही.

माझ्या वाट्याला आलेली चूक साधीच होती. यंत्रातल्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या डिव्हाइस ट्रीच्या नोंदी फिरून बघणारं चक्र पुढची नोंद धरताना मागची आपोआप सोडतं. मध्येच एरर आली आणि फंक्शन तिथूनच परतलं, तर हातातली नोंद धरलेलीच राहते. दुरुस्ती एका ओळीची होती. ती ओळ कुठे हवी, हे शोधण्यात मात्र दोन रात्री गेल्या, कारण सगळं सुरळीत असताना त्या वाटेने कुणी जातच नव्हतं.

फळी रिकामी दिसली तरी वडील झाकणाआधी आत वाकून हाक मारायचे. ड्रायव्हर लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: कोड वाचताना एररच्या वाटा आधी वाचा, आणि घेतलेलं प्रत्येक वाटेवर कुठे सोडलं, ते बोट ठेवून दाखवा.