एका क्रियापदाची वसाहत

दुधाचा रतीब घालतात, पेपर टाकतात, नोटीस बजावतात, भाषण ठोकतात, चेंडू टाकतात, निकाल देतात आणि बाई बाळंत होते. मराठीला एवढ्या कामांसाठी इतकी क्रियापदं लागतात. इंग्रजी ही सगळी कामं एकट्या ‘डिलिव्हर’वर भागवते. बेंगळुरूच्या आग्नेयेला असलेल्या कोरमंगलाचा आणि त्याला लागून असलेल्या आडुगोडीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास बघितला, तर या एका क्रियापदाचे अर्थ तिथे एकामागून एक बिऱ्हाड करायला आलेले दिसतात.

पहिलं बिऱ्हाड दुधाचं. १९२३ मध्ये आडुगोडीत पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाची ‘इंपीरियल’ संस्था निघाली. १९२७ मध्ये प्रकृती सांभाळायला बेंगळुरूत राहिलेले गांधीजी मदनमोहन मालवीयांसह तिथे गोपालनाचे धडे घ्यायला जात. संस्थेचं मुख्यालय १९५५ मध्ये कर्नालला गेलं आणि इथे दक्षिणेचं केंद्र राहिलं. पुढे जवळच सरकारी दूध डेअरी उभी राहिली. तिच्यावरून पडलेलं ‘डेअरी सर्कल’ हे चौकाचं नाव आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे.

मग आलं बाळंतपण. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय सत्तरच्या दशकात कोरमंगलाच्या कडेला सुरू झालं. तेव्हा आजूबाजूला शेतं होती. ब्लॉकवार प्लॉट नंतर पडत गेले. इस्पितळातल्या ‘डिलिव्हरी’चा अर्थ मात्र दुधाच्या डिलिव्हरीपेक्षा जुना, शब्दाच्या मुळाजवळचा आहे. लॅटिनमध्ये ‘लिबेरारे’ म्हणजे मुक्त करणं. तो धातू फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा ‘डिलिव्हर’चा अर्थ संकटातून सोडवणं असाच होता. आपल्या हातातून सोडून दुसऱ्याच्या हवाली करणं हा अर्थ त्यातूनच फुटला. पूर्वी इंग्रजीत मूल ‘डिलिव्हर’ होत नसे, आई होई. “सुखरूप सुटली”, “मोकळी झाली” म्हणणाऱ्या मराठी आज्यांना लॅटिन येत नव्हतं, पण बाईकडे बघायची नजर तीच होती. आताच्या ‘डिलिव्हरी झाली’मध्ये मात्र बाई कुठेच नाही. उरते ती फक्त ‘नॉर्मल की सिझर’ ही चौकशी.

हवाली करण्याचा अर्थ खुद्द बेंगळुरू शहरालाही एकदा लागू झाला होता. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजी तंजावरला राहू लागले आणि त्यांनी शहर म्हैसूरच्या चिक्कदेवरायांना तीन लाखांना विकायचं ठरवलं. सौदा पुरा होण्याआधीच, १६८७ मध्ये, मोगल सरदार कासीमखानाने शहर घेतलं आणि ते त्याच चिक्कदेवरायांना देऊन टाकलं. विकणारा एक, ताबा देणारा भलताच!

दुधा-बाळंतपणानंतर आलेलं बिऱ्हाड डोळ्यांना न दिसणाऱ्या मालाचं होतं. आडुगोडीत ‘मायको’ या कंपनीचा कारखाना होता. पुण्यात १९८१ मध्ये निघालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बेंगळुरूला आली, ती मायकोचं काम मिळाल्यामुळे. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचं थोडं काम तिथे आणि बरंचसं इथे करायचं, या पद्धतीला कंपनीने ‘ग्लोबल डिलिव्हरी मॉडेल’ असं नाव दिलं. पुढे ‘डिलिव्हरी मॅनेजर’ हे पदही रुळलं. भाचा बेंगळुरूला डिलिव्हरी मॅनेजर झाला हे ऐकून सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या मावशीने तो प्रसूतिगृहात लागला की कुरियरमध्ये, असं विचारलं, तर चूक मावशीची म्हणता येणार नाही.

पुढचं बिऱ्हाड पार्सलांचं. २००७ मध्ये सचिन आणि बिन्नी बन्सल यांनी कोरमंगलातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये फ्लिपकार्ट सुरू केलं. पहिली मागणी आली ती आंध्रातल्या, आता तेलंगणात असलेल्या, महबूबनगरहून. जॉन वुड यांच्या एका पुस्तकासाठी. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ २०१० मध्ये आली आणि मोठा शोध म्हणून गाजली. मराठी वाचकाला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. टपालखात्याची व्ही. पी. एकोणिसाव्या शतकापासून हेच करत होती. पुस्तकं, पंचांगं, आसवं-अरिष्टं व्ही. पी.ने येत, पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवले की पार्सल आपलं. आणि या व्यवहाराला मराठीत काय म्हणत? व्ही. पी. ‘सोडवून घेणे’. कोणी ठरवून केलं नव्हतं, पण बाळंतीण आणि पार्सल या दोहोंसाठी मराठीनेही एकाच धातूकडे हात नेला होता.

स्विगीही कोरमंगलातलीच, २०१४ सालची. मोजक्या हॉटेलांपासून सुरुवात झाली आणि काही वर्षांतच नारिंगी टी-शर्टातली मुलं हॉटेलांच्या दारात दुचाक्या लावून मोबाइलकडे बघत बसलेली दिसू लागली. मुंबईचा डबेवाला १८९० पासून ‘डबा पोचवतो’. डबा पोचवताना तो कोणाचा ‘डिलिव्हरी पार्टनर’ नसतो. डबेवाल्यांची टोळी असते, टोळीला मुकादम असतो, आणि मिळकतीत प्रत्येकाचा वाटा असतो. म्हणजे खरी भागीदारी तिकडेच. कोरमंगलातल्या मुलाला पार्टनर म्हणतात, पण दर, अंतर आणि दंड हे सगळं अ‍ॅप ठरवतं. क्रियापद सोपं आहे. कर्ता कोण, यावर खरं भांडण आहे.

ते भांडण आता विधानसभेत पोचलं आहे. कर्नाटकने २०२५ मध्ये अशा गिग कामगारांसाठी कायदा केला. कंपन्यांनी प्रत्येक व्यवहारात कामगाराला दिलेल्या रकमेवर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क भरायचं आहे, आणि एखाद्याला अ‍ॅपवरून काढायचं असेल तर लेखी कारण देऊन चौदा दिवस आधी कळवायचं आहे.