नाण्याची पारख आणि पारख्याची पारख

१/
शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावरील संगमेश्वर हे गाव इतिहासाच्या वाचकाला एका तारखेमुळे ठाऊक असते. १ फेब्रुवारी १६८९ रोजी मुकर्रबखानाने अचानक छापा घालून छत्रपती संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना येथेच कैद केले. जेमतेम नऊ वर्षांची एक कारकीर्द त्या दिवशी खंडित झाली.

२/
त्या कारकिर्दीने मागे पत्रे ठेवली, दानपत्र ठेवले आणि तांब्याची काही नाणी ठेवली. नाण्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शंभु’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. संभाजीराजांविषयीची पुष्कळशी प्रसिद्ध वर्णने त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या बखरींतून आली आहेत. नाणे मात्र त्यांच्याच काळाचे बोलते. म्हणूनच त्याचे मोल मोठे, आणि म्हणूनच त्याच्या नकला अनेक.

३/
अशी कल्पना करावी की संगमेश्वराच्या कसब्यात मंदिरे पाहण्यास आलेल्या एखाद्या तरुणापुढे कोणी हे नाणे ठेवले. नाणे प्लास्टिकच्या सीलबंद डबीत आहे. डबीवर क्रमांक आहे, श्रेणी आहे, ‘अस्सल’ असा शेरा आहे आणि सहसा कोणी न ऐकलेल्या एका प्रमाणन संस्थेचे नाव आहे. त्याने विश्वास ठेवावा काय? डबी नवी आहे. प्रश्न मात्र निदान अडीच हजार वर्षे जुना आहे.

४/
सतराव्या शतकातील कोकणचा व्यापारी हा प्रश्न रोज सोडवीत असे. त्याच्या हाती एकाच प्रकारचा पैसा कधीच येत नसे. दक्षिणेचा सोन्याचा होन, मोगली रुपया, समुद्रमार्गे आलेले स्पॅनिश रियाल, तांब्याचे पैसे, आणि आदिलशाही कोकणात चालणारी लारी, म्हणजे चांदीची तार दुमडून तिच्यावर ठसा मारलेले नाणे. प्रत्येकाचे वजन निराळे आणि कस निराळा.

५/
या गोंधळातून वाट काढणारे व्यवसाय आज मराठी आडनावांत उरले आहेत. सराफ नाणी बदलून देई. पोतदार सरकारी खजिन्यात येणारे नाणे तपासून घेई. पारखी खरे-खोटे सांगे. टंकसाळे हे नाव टांकसाळीची आठवण देते. नाणे पाडणारा एक आणि ते तपासणारा दुसरा, ही विभागणी त्या व्यवस्थेचा कणा होती.

६/
भाषेनेही ती परीक्षा जपली आहे. चांगली चांदी दगडावर टाकली की स्वच्छ नाद देते, म्हणून ‘खणखणीत नाणे’ आणि ‘वाजवून घेणे’. कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून सोने पाहात, म्हणून ‘कसास उतरणे’. हलक्या धातूची भेसळ म्हणजे हीण, म्हणून ‘हिणकस’. आणि नाणे कमी प्रतीचे ठरले की दर्शनी किमतीतून जी रक्कम कापली जाई तो बट्टा. नावाला बट्टा लागतो तो याच अर्थाने.

७/
जुन्या रुपयांवर पुष्कळदा बारीक टोचे आणि चिन्हे आढळतात. ती सराफांची. तपासलेल्या नाण्यावर सराफ आपली खूण उमटवी आणि पुढचा देणारा-घेणारा ती खूण ओळखे. आजचा संग्राहक या खुणांना नाण्याचे दोष मानतो. वास्तविक ती त्या काळची प्रमाणपत्रेच होत. फरक इतकाच की प्रमाणपत्र नाण्याच्या अंगावरच होते आणि ते देणारा बाजारपेठेतच बसलेला असे.

८/
या विषयावरील एक बोलका प्रसंग रायगडचा आहे. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन तहाची कलमे घेऊन गडावर होता. इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे असे त्यांतील एक कलम होते. शिवाजी महाराजांचे उत्तर थोडक्यात असे होते: परक्या नाण्याला येथे मनाई नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. तुमचे नाणे मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्याइतके वजनदार आणि चोख असेल, तर त्याला अटकाव होणार नाही.

९/
या उत्तरात नाण्याच्या पारखीचे सारे तत्त्व आले आहे. कंपनीचे नाव मोठे आहे म्हणून नाणे घेतले नाही, आणि ती परकी आहे म्हणून नाकारलेही नाही. निकष दोनच: वजन आणि कस. दोन्ही गोष्टी कोणालाही, कोठेही, पुन्हा तपासता येतात. अनोळखी प्रमाणन संस्थेलाही हाच न्याय लावावा लागतो. तिचे नाव अपरिचित असणे हा गुन्हा नव्हे, आणि तिची डबी देखणी असणे हा पुरावा नव्हे.

१०/
तपासणी ढिली पडली की काय होते, हे पेशवाईने पाहिले. टांकसाळी बहुधा मक्त्याने खासगी व्यक्तींना दिल्या जात आणि सनदेत नाण्याचे वजन व कस ठरवून दिलेला असे. तरीही हिणकस नाणी पडत. धारवाडकडे तर हे इतके वाढले की वीसहून अधिक खासगी टांकसाळी बंद करून एकच टांकसाळ चालवण्याचा हुकूम निघाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९९ मध्ये मराठी राज्यातील चलन आणि टांकसाळींवर निबंध वाचला, त्यात ही हकिकत आहे. परवाना हाती असणे आणि विश्वासार्ह असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातला धडा.

११/
याहून जुना दाखला अथेन्सचा. इ. स. पू. ३७५-३७४ मध्ये निकोफोन नावाच्या नागरिकाने मांडलेला कायदा दगडावर कोरलेला सापडला आहे. त्यानुसार सरकारी मालकीचा एक गुलाम बाजारात सावकारांच्या मेजांमध्ये बसून चांदीचे नाणे तपासत असे. आत तांबे किंवा शिसे निघाले तर नाणे तिथल्या तिथे कापले जाई. त्याने चोख ठरवलेले नाणे व्यापाऱ्याने नाकारले तर त्या दिवसाचा माल जप्त होई. आणि परीक्षकाने आपले काम नेमून दिल्याप्रमाणे केले नाही तर त्याला पन्नास फटके बसत.

१२/
त्या गुलामाला समाजात प्रतिष्ठा नव्हती आणि त्याचे नावही लेखात नाही. तरी त्याच्या शब्दावर अथेन्सचा व्यापार चाले. कारण तो सर्वांदेखत तपासत असे, नाणे विकत नसे आणि कामात कसूर केली तर शिक्षा त्यालाच होई. विश्वास त्या माणसाच्या नावावर नव्हता. तो ज्या नियमांत बांधलेला होता, त्या नियमांवर होता.

१३/
रोमने पुढची पायरी गाठली. तेथे तपासलेली नाणी थैलीत भरून थैली सीलबंद करीत आणि तिला हाडाची किंवा हस्तिदंताची छोटी पट्टी बांधीत. अशा पट्ट्या मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. त्यांवर तपासणाऱ्याचे नाव, त्याच्या मालकाचे नाव, ‘तपासले’ या अर्थाचा लॅटिन शब्द आणि दिनांक कोरलेला असतो. कोणी, कोणाच्या वतीने आणि केव्हा तपासले, हे बोटभर पट्टीवर मावत असे. आज एखाद्या चकचकीत डबीवर या तिन्हींपैकी एकही गोष्ट नसेल, तर ती डबी दोन हजार वर्षे मागे आहे असेच म्हणावे लागेल.

१४/
भारतात १८३५ च्या कायद्याने कंपनीचा एकसारखा रुपया आला: वजन १८० ग्रेन, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. यंत्रावर पाडलेले एकाच मापाचे नाणे सर्वत्र चालू लागले आणि बट्ट्याचा हिशोब हळूहळू मागे पडला. रोजच्या व्यवहारातून पारखी गेला. तो परतला संग्राहकांच्या जगात.

१५/
अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी सुचवली. १९७२ मध्ये तेथील नाणेसंग्राहकांच्या राष्ट्रीय संघटनेने नकली नाण्यांच्या सुळसुळाटामुळे तपासणी सेवा सुरू केली. तिचे आरंभीचे काम केवळ खरे-खोटे सांगण्याचे होते. श्रेणी देणे नंतर आले. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्यांनी सीलबंद डबीतील श्रेणीबद्ध नाण्यांचा व्यवसाय जगभर नेला.

१६/
मग शिवराई किंवा शंभुराजांचे नाणे सरळ अमेरिकेला का पाठवू नये? कारण कायदा आडवा येतो. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष ठरतो आणि खासगी व्यक्तीला तो देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. त्यामुळे जुन्या मराठा नाण्याची परीक्षा देशातच व्हावी लागते. लहान, नव्या आणि अल्पपरिचित संस्थांना येथे जागा मिळते ती यामुळे. त्यांची पारख कशी करावी हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

१७/
पहिली कसोटी: चूक झाली तर कोण भरतो? नाणे नकली निघाल्यास संस्था किती आणि कोणत्या मुदतीत भरपाई देते, हे लेखी असावे. अथेन्सच्या परीक्षकाला फटके होते. आजच्या परीक्षकाला निदान आर्थिक जबाबदारी असावी. ‘आमचे मत केवळ अभिप्राय समजावे’ अशी बारीक अक्षरांतील ओळ असेल, तर ते प्रमाणपत्र म्हणजे शिफारसपत्र होय.

१८/
दुसरी कसोटी: तपासणारा आणि विकणारा एकच तर नाही? ज्याचा नफा ‘अस्सल’ या शब्दावर अवलंबून आहे, त्याच्या तोंडी तो शब्द स्वस्त होतो. तिसरी कसोटी: संस्था कधी ‘नाही’ म्हणते काय? आलेले प्रत्येक नाणे अस्सल ठरवणारी कसोटी ही कसोटीच नव्हे. ‘निर्णय देता येत नाही’ असे लिहिणारी संस्था उलट अधिक विश्वासास पात्र ठरते.

१९/
चौथी कसोटी: पुरावा उघड आहे काय? वजन, व्यास, दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे, कोणत्या प्रकाशित नोंदीशी तुलना केली तो संदर्भ, आणि क्रमांक टाकताच दिसणारी सार्वजनिक नोंद, इतके तरी हवे. छायाचित्राशिवाय नुसता क्रमांक पुरेसा नसतो, कारण नामांकित कंपन्यांच्या डब्यांचीही नक्कल होते आणि खरा क्रमांक खोट्या डबीवर छापता येतो.

२०/
पाचवी कसोटी जुन्या बाजाराची आहे: बट्टा. तेच नाणे, तीच श्रेणी, पण या संस्थेच्या डबीत असेल तर जाणकार किती कमी देतात? संस्थेच्या स्वतःच्या वर्तुळाबाहेर तिचा शब्द कोणत्या भावाने चालतो, यातून तिची पत कळते. अनोळखी संस्थेने सचोटीने काम केले तर हा बट्टा वर्षागणिक कमी होत जातो. सराफाची पेढी अशीच नावारूपाला येई.

२१/
शेवटी डबी बाजूला ठेवून नाणे पाहावे. शिवराई हाताने पाडली जाई. चकतीवर ठसा पूर्ण क्वचितच बसे आणि कडा ओबडधोबड राहात. अक्षरांतही ‘शिव’, ‘सिव’ असे भेद आढळतात, म्हणून केवळ लेखनावरून नाणे खोटे ठरत नाही. साच्यात ओतलेल्या नकलेवर मात्र बुडबुड्यांचे बारीक खड्डे, बोथट अक्षरे किंवा कडेवर सांधा दिसू शकतो. आणि दोन नाण्यांवर ठसा तितकाच सरकलेला, चीर त्याच जागी असे आढळले, तर दोन्ही एकाच साच्यातून निघाली असल्याचा दाट संशय घ्यावा. हाताने पाडलेली दोन नाणी इतकी जुळी नसतात.

२२/
अस्सल असणे आणि शिवकालीन असणे हेही एक नव्हे. शिवराई महाराजांच्या पश्चात दीर्घकाळ पाडली जात होती. दुदांडी शिवराई तर बरीच उत्तरकालीन आहे. जी संस्था प्रत्येक शिवराईवर ‘शिवाजी महाराजांचे नाणे’ असे लिहिते, तिने नाणे ओळखले असेल, पण इतिहास ओळखलेला नाही. अशा वेळी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेसारख्या अभ्यासकेंद्रांचे प्रकाशित काम हाताशी असावे. महेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठा टांकसाळी व नाण्यांवरील १९८९ चा ग्रंथ या विषयात पायाभूत मानला जातो.

२३/
आणि नाणे विकत न घेता संगमेश्वराच्या एखाद्या शेतात वा पडक्या जोत्यात सापडले तर? १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास त्याची सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. कोठे, किती खोल आणि कशासोबत सापडले, ही माहिती कोणत्याही डबीवरील श्रेणीपेक्षा मोलाची असते. नाणे एकदा गुपचूप बाजारात गेले की ती कायमची पुसली जाते.

२४/
चुकीच्या प्रमाणपत्राने होणारे नुकसान एका खरेदीदाराच्या पैशापुरते राहात नाही. नकली नाणे ‘अस्सल’ ठरून एखाद्या सूचीत शिरले की त्याच्या आधारे टांकसाळी, तारखा आणि राज्याच्या सीमा सांगितल्या जाऊ लागतात. उलट खरे नाणे कोणी खोटे म्हणून वितळवले, तर संभाजीराजांच्या नऊ वर्षांचा एक समकालीन साक्षीदार नाहीसा होतो. अशा साक्षीदारांची संख्या आधीच थोडी आहे.

२५/
म्हणून संगमेश्वराच्या त्या कल्पित तरुणाने डबीवरचे नाव वाचून लगेच हो म्हणू नये आणि हसून नाहीही म्हणू नये. तपासणारा कोण, त्याचे काय पणाला लागले आहे, आणि तीच तपासणी दुसऱ्या कोणाला पुन्हा करता येईल काय, एवढे त्याने विचारावे. १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर इंग्रज वकिलाला जे उत्तर मिळाले, त्याचाही मथितार्थ हाच होता.